फियाट सोडली तेव्हा

"बस," हे म्हणाले.

मी जेवणाचा डबा हातात घेऊन फियाटजवळ उभी होते. डावीकडचं दार तारेनं बांधून टाकलेलं असायचं. ती तार ह्यांनी पकडीनं सोडली आणि दार ओढून धरलं.

"कुठं बसू? बसायला काही आहे का आत?"

"पोतं टाकलंय की. ह्या नळीला धर."

आत ह्यांची एक सीट सोडली तर दुसरं काही नव्हतं. मागची बैठक काढलेली, काचा काढलेल्या, आणि गाडी उलटली तर टप खाली येऊ नये म्हणून आतून लोखंडी नळ्यांचा पिंजरा जोडलेला. बाहेरून मात्र ती कुणाच्याही दारातली फियाट दिसायची. शर्यतीचा नियमच तसा होता, गाडी बाहेरून कंपनीतून आली तशी पाहिजे. लग्न होऊन मुलगी शाळेत जायला लागली होती, पण त्या गाडीत मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. ह्यांनीही कधी बस म्हटलं नव्हतं.

माझे यजमान भूपाल मगदूम. आमच्या कृष्णाकाठच्या भागात त्यांना मगदूम म्हणून कुणी ओळखत नव्हतं, फियाट भूपाल म्हणत. साखर कारखान्याच्या मागं मोठा माळ होता. त्यावर मुरूम टाकून, रूळ फिरवून एक गोल वाट केली होती. उसाचा हंगाम संपत आला की तिथं मोटारींच्या शर्यती व्हायच्या. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडून गाड्या यायच्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून माणसं. हे लग्नाआधीपासून पळवत होते. गोकाक, निपाणी, कराड, जिथं शर्यत तिथं हे. घरात कप इतके झाले होते की एकात सासूबाई हळकुंडं ठेवायच्या.

मी पदर खोचून पोत्यावर बसले. डबा मांडीवर घेतला.

"इसाकभाई कुठं आहेत?" ह्यांचं इंजिन बांधणारे ते मिस्त्री एरवी गाडीला सोडून हलत नसत.

"मिरजेला गेलाय, इंजिनाचं पॅकिंग आणायला. म्हणून तर तुला म्हटलं, बस."

गाडी सुरू झाली तसे माझे दात एकमेकांवर आपटले. मी मनात णमोकार मंत्र म्हणायला लागले. भीती वाटली म्हणून नव्हे, कुठल्याही वाहनात बसलं की मी म्हणतेच. माळ बाजूनं पळायला लागला. ह्यांचे हात स्टेअरिंगच्या चाकावर असे होते, जसे काही ते चाक जिवंत आहे आणि त्याला समजावून सांगायचंय. मी तसे हात आधी कधी बघितले नव्हते. मला बरं वाटत होतं, हे मी आज लिहून टाकते.

पाण्याच्या टाकीजवळचं वळण आलं आणि आवाज एकदम खाली बसला. गाडी सावकाश वळली, मग पुन्हा पळाली. मला वाटलं, मी आहे म्हणून जपून नेतायत. दुसऱ्या फेरीलाही टाकीजवळ तसंच झालं. तिसऱ्या फेरीला ह्यांनी ओठ आवळले, मान पुढं काढली, आणि तरीही आवाज खाली बसलाच. मग ह्यांनी गाडी वाटेतच उभी केली आणि बंद केली. आमच्याच मागून आलेला धुरळा आमच्या अंगावरून पुढं गेला.

"भ्यालीस?"

"नाही."

"खरं सांगालीस?"

"मी कधी खोटं बोलले?"

ते खरंच होतं. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, मी लहानपणीच खोटं न बोलण्याचा नियम घेतला होता आणि तो जसा जमेल तसा पाळत आले होते. ह्यांना ते ठाऊक होतं.

हे समोर बघत म्हणाले, "मी भ्यालोय."

मी डबा घट्ट धरून बसले.

"पाय उचलालाय आपोआप. मी म्हणतोय दाब, आणि पाय म्हणतोय, न्हाई."

"कधीपासून?"

"गोकाकच्या शर्यतीपासून."

"गोकाकला काय झालं होतं?"

"काही झालं न्हाई. तेच तर. उलटलो असतो, हाड मोडलं असतं, तर सांगायला काहीतरी होतं. सरळ दुसरा नंबर घेऊन आलो आणि येताना टेम्पोत बसल्या बसल्या हातपाय गार पडले. तवापासनं असंच."

"इसाकभाईंना सांगा."

"इसाकला?" हे हसले. "पावसाळाभर दुकान सोडून ह्या इंजिनात डोकं घालून बसलाय त्यो. यंदा भूपाल बेळगावकरांना धूळ चारतोय म्हणून गावभर सांगत फिरतोय. त्याला काय सांगू? पाय उचलालाय म्हणून?"

"मग तब्येत बरी नाही म्हणा."

"मग कारखान्याचे उदाजीबापू डॉक्टर घेऊन येतील दारात. तब्येतीला काय धाड भरलीय माझ्या?"

"तर मग सोडून द्या."

"काय म्हणून सोडू?" आता ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "काय सांगून सोडू, ते सांग. भूपाल मगदूम भ्याला, असं एकदा बाहेर पडलं की मी बाजारात उभा कसा राहणार?"

मी डबा उघडला. मी म्हणाले, "जेवून घ्या. भाकरी गार झाली."

हे तिथंच, चाकावर डबा टेकवून जेवले. जेवताना एकदा म्हणाले, "हे कुणाला बोलू नको."

"नाही बोलणार."

"इसाकला तर मुळीच नको."

मी ह्यांना शर्यत सोडा असं कधी म्हटलं नव्हतं. लोकांना ते नवल वाटायचं. पाणी गाळून पिणारी, दिवस मावळायच्या आत जेवणारी, केरसुणीखाली मुंगी येईल म्हणून वाकून झाडणारी बाई, आणि नवरा असला! बस्तीत बायका विचारायच्या, "राजाक्का, तू अडवत कशी नाहीस गं?" मी हसून सोडून द्यायची. खरं असं होतं की शर्यतीच्या दिवशी मी माळावर जात नसे, पण परसात बसून आवाज ऐकत असे. वारा तिकडून असला की ह्यांच्या गाडीचा आवाज वेगळा ओळखू यायचा आणि माझा हात भांड्यावर थांबायचा. त्या संध्याकाळी हे घरी यायचे तेव्हा अंगावर धुरळा असायचा आणि बोलणं इतकं मऊ असायचं की वर्षात दुसऱ्या कुठल्या दिवशी नसे. मला ती संध्याकाळ हवी असायची. ही गोष्ट मी कुणाला कशी सांगणार?

दुसऱ्या दिवशी उदाजीबापूंची जीप दारात आली. बापू कारखान्याचे संचालक, शर्यत तेच भरवायचे. इसाकभाईही त्यांच्याबरोबरच आले, हाताला काळं तेल तसंच.

"वहिनी, पाणी द्या," इसाकभाई ओट्यावर बसत म्हणाले. "तुमचं गाळून, उकळून, निवलेलं. बापू, ह्यांच्या घरचं पाणी रेडिएटरला घातलं तर गाडी शंभर वर्षं मरायची न्हाई."

"मग घाल की," बापू म्हणाले.

"देतील व्हय? गाडीच्या पोटात किडामुंगी शिजंल म्हणतील."

मी हसत तांब्या दिला. इसाकभाई आमच्या ओट्यावर असं काहीबाही बोलायचे आणि मला त्याचा कधी राग आला नाही. माझ्या मुलीच्या बारशाला पाळणा त्यांनीच वेल्डिंग करून दिला होता.

बापू ह्यांच्याकडं वळले. "काय भूपाल, रविवारी काय करणार? बेळगावचं पोरगं मारुती घेऊन येतंय. लई नाव ऐकतोय त्याचं."

"येऊ दे की," हे म्हणाले.

"बोलतोस असं काय मढ्यासारखं? आं? वहिनी, ह्याला जेवायला घालता का नुसता उपास?"

"झोप न्हाई त्याला," इसाकभाई म्हणाले. "शर्यत जवळ आली की असंच असतंय. गाडीत बसला की बघा मग."

बापू चहा संपवून उठले. चपला घालता घालता मला म्हणाले, "तुमचं मात्र कौतुक केलं पाहिजे हं, वहिनी. एवढ्या धार्मिक, पण कधी आडव्या आला नाही. दुसरी कुणी असती तर देवाची शपथ घालून कधीच गाडी भंगारात घालायला लावली असती. आणि बाईमाणसानं देवाची शपथ घातल्यावर पुरुष काय करणार? कोण त्याला नाव ठेवणार?"

ते सहज बोलले. पण ह्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिले. बापूंची जीप वळून गेली, इसाकभाई त्यांच्यामागून गाडीच्या शेडकडं गेले, तरी हे माझ्याकडंच बघत होते.

"काय?" मी विचारलं.

"काही न्हाई," हे म्हणाले.

त्या दिवसांत आमच्या बस्तीत एक आर्यिका माताजी, म्हणजे आमच्या साध्वी, पायी विहार करत येऊन उतरल्या होत्या. पांढरी एकच साडी, हातात मोरपिसांची पिंछी. कर्नाटकातल्या, वयानं सत्तरीच्या पुढं. त्यांचं मराठी हळू आणि थोडं कानडी वळणाचं. दुपारी त्या बस्तीच्या ओवरीत बसून सांगायच्या आणि आम्ही बायका ऐकायला जात असू. शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, माताजींचं सांगून झालं होतं. एकेकजण पुढं होऊन दिवसाचा छोटासा नियम घेत होतं. कुणी गोड सोडत होतं, कुणी एक भाजी.

तेवढ्यात हे आत आले.

पांढरा सदरा घातला होता. डोकं ओलं करून भांग पाडला होता. बस्तीत हे कधी येत नसत, महावीर जयंतीला मिरवणूक असेल तेवढंच. त्यामुळं सगळ्या ओवरीत कुजबुज झाली. बाहेरच्या कट्ट्यावर बसलेले पुरुषही उठून दारात आले. हे सरळ पुढं गेले आणि माताजींच्या समोर गुडघ्यावर बसले.

"वंदामि, माताजी. मला नियम पाहिजे."

"कशाचा, अण्णा?"

"गाडीचा. शर्यतीच्या गाडीचा. आजन्म बसणार नाही."

दारातून कुणीतरी म्हणालं, "आणि उद्या?"

माताजींनी पिंछी मांडीवर आडवी ठेवली. "नियम घ्यायला एक क्षण लागतो, अण्णा. पाळायला जन्म जातो. आतून आलाय का?"

ह्यांनी हात जोडले होते. नखांमधलं काळं तेल कितीही घासलं तरी निघत नसे, ते तसंच होतं. हे म्हणाले, "हिची इच्छा आहे. माझ्या घरच्यांची. किती वर्षं झाली, देवाचं नाव घेऊन सांगतीय. शेवटी म्हटलं, ऐकू."

सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या.

माताजींनीही बघितलं. त्यांची नजर कठोर नव्हती. "काय बाई? तुझं असं म्हणणं होतं?"

मी खांबाला टेकून बसले होते. मला ह्यांचं तोंड दिसत नव्हतं, फक्त पाठ दिसत होती आणि मान. पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर मानेचा घाम उतरत होता. हे मागं वळून बघत नव्हते. दारातले पुरुष बघत होते. मी नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न माताजींनी ह्यांना विचारला असता, आणि तो दारातल्या सगळ्यांनी ऐकला असता.

"हो, माताजी," मी म्हणाले. "माझं म्हणणं होतं."

माताजींनी पिंछी उचलली, ह्यांच्या डोक्यावर धरली आणि मंत्र म्हटला. एवढंच. संपलं.

बायका माझ्याभोवती जमल्या. कुणी पाठीवरून हात फिरवला. कुणी म्हणालं, "राजाक्का, जिंकलीस गं बाई. पुण्य लागंल." एकीच्या डोळ्यांत पाणी होतं. मी चपला शोधत होते आणि मला त्या सापडत नव्हत्या.

घरी आले तर हे खाटेवर भिंतीकडं तोंड करून निजले होते. मी काही विचारलं नाही. स्वयंपाकाला लागले. दिवस कलायला लागला तेव्हा दारात सायकल आपटल्याचा आवाज आला.

"वहिनी!"

इसाकभाई अंगणात उभे होते. ओट्यावर आले नाहीत.

"या की, भाई."

"येत न्हाई. हिथंच बोलतो. मी गावात ऐकलं ते खरं हाय?"

मी उंबऱ्यात उभी राहिले. आतल्या खोलीत खाट करकरली आणि मग थांबली.

"भूपाल कुठं हाय?"

"निजलेत."

"निजंल न्हाई तर काय करंल!" त्यांचा आवाज फाटला होता. "वहिनी, मी तुम्हाला आजवर एक शब्द वाकडा बोललो न्हाई. आज बोलतो. मुंगी मरंल म्हणून तुम्ही फुंकून पाय टाकता. आणि त्या माणसाचं सगळं आयुष्य एका दुपारी देवळात मारून टाकलंत व्हय? एक दिवस थांबला असतात. एक रविवार! सोमवारी घालायची शपथ."

मी चौकटीला हात टेकला.

"इंजिन बघितलंय का तुम्ही माझं? हात लावला की बोलतंय. कुणासाठी बांधलं ते? पावसाळाभर दुकानाला कुलूप लावून बसलो, बायको शिव्या देती. कुणासाठी?"

"भाई, पाणी देऊ का?"

"नको तुमचं पाणी." मग त्यांनी सायकलचा हँडल सोडला. ती कलंडली, तरी त्यांनी बघितलं नाही. दोन पावलं पुढं आले आणि हळू बोलले. "वहिनी, असं करू. तुम्ही एकदा म्हणा की तुम्ही असलं काही म्हणाला न्हाईत. भूपालनंच काहीतरी डोक्यात घेतलंय म्हणा. मी जातो माताजींकडं, त्यांच्या पायावर डोकं ठेवतो, नियम परत घ्या म्हणतो. मला हाकलतील तर हाकलू देत. तुम्ही एवढंच म्हणा. तुम्ही खोटं बोलत न्हाई, सगळा गाव मानतोय."

आतून काहीच आवाज येत नव्हता. श्वासाचासुद्धा नाही. मला माहीत होतं, हे भिंतीला कान लावून आहेत.

माताजींपुढं मी जे बोलले होते, ते क्षणात बोलून गेले होते. आता तसं नव्हतं. आता मला पुरता वेळ होता. इसाकभाई माझ्या तोंडाकडं बघत होते.

"मीच म्हणाले होते, भाई," मी म्हणाले. "किती वर्षांपासून."

त्यांनी मान हलवली. सायकल उचलली. जाताना एवढंच म्हणाले, "मग बरं झालं. तुमचा देव खूश झाला असंल."

त्या संध्याकाळी हे जेवायला आले तेव्हा पानावर मान खाली घालून जेवले. मधेच एकदा थांबले, बोलतील असं मला वाटलं. ह्यांनी पाणी मागितलं.

रविवारी दिवस उगवायच्या सुमारास मी बस्तीत गेले. माताजी एकट्या होत्या.

"प्रायश्चित्त पाहिजे," मी म्हणाले.

"कशाचं?"

"खोटं बोलले."

"कुणाशी?"

"एकाशी... आणि तुमच्याशीही."

माताजींनी पिंछीची मोरपिसं सरळ केली. मग म्हणाल्या, "तुझ्यासाठी बोललीस?"

"नाही."

"ज्याच्यासाठी बोललीस, तो वाचला का?"

"माहीत नाही, माताजी."

"पाडव्यापर्यंत मीठ सोड." मी उठायला लागले तर त्यांनी हातानं थांबवलं. "आणि ऐक. ते खोटं तू सोडवायला जाऊ नको. ज्याचं आहे तो एक दिवस येऊन सोडवेल. तेवढी वाट बघ."

दुपारी माळावरून आवाज यायला लागले. वारा तिकडूनच होता. हे ओट्यावर बसले होते, मी तांदूळ निवडत होते. शेजारपाजारी कुणी नव्हतं, सगळा गाव माळावर. एकामागून एक गाड्या निघाल्या. मी माझ्यापुरती खूण ठेवून ऐकत होते, आणि त्या गोंगाटात मला तो आवाज सापडला. माझा हात थांबला.

"आपली गाडी आहे," मी म्हणाले.

"ऐकतोय," हे म्हणाले.

"कोण चालवतंय?"

ह्यांनी डोळे मिटले. बराच वेळ ऐकत बसले. "इसाक."

"इसाकभाई? त्यांनी कधी शर्यत..."

"कधी न्हाई. पण त्योच हाय. दुसरं कुणी असतं तर एवढ्यात तिसरा गियर टाकला असता. ह्याला इंजिनाची दया येतीय." थोड्या वेळानं म्हणाले, "टाकीजवळ गेला... वळला. बघ, दाबून वळला की."

ह्यांच्या तोंडाचं हसू आणि रडू मला वेगळं करता येईना. मी तांदळात खाली बघितलं.

इसाकभाई शेवटून दुसरे आले. पण गाडी धड परत आणली. संध्याकाळी कुणीतरी सांगत आलं की ते गाडीतून उतरले ते कुणाशी न बोलता घरी चालत गेले. पुढच्याच महिन्यात ह्यांनी फियाट निपाणीच्या एका माणसाला देऊन टाकली.

मग वर्षं गेली. मी बाजारातून निघाले की तरुण पोरं एकमेकांना कोपरानं खुणवायची, "हीच ती, फियाट भूपालला घरी बसवलेली." बस्तीत माझा मान वाढला. नव्या सुना नवऱ्याची दारू सोडवायला काय करावं ते विचारायला यायच्या. मी त्यांना काय सांगणार? म्हणायची, "माझ्याकडून काही झालं नाही गं, ज्याचं त्यानं केलं." त्यांना तो माझा नम्रपणा वाटायचा. इसाकभाई पुढं ह्यांच्याशी बोलायला लागले, मुलीच्या लग्नात मांडवाचे सगळे खांब त्यांनी उभे केले, पण माझ्याशी शेवटपर्यंत "वहिनी, बरं हाय?" एवढंच. ओट्यावर बसून पाणी पुन्हा कधी मागितलं नाही. ते गेले तेव्हा हे मयतीला गेले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मला वाटलं, आता बोलतील. पण बोलले नाहीत.

मी विचारत नव्हते. दिवसाची कामं, बस्ती, सामायिकाचं ध्यान, पानावर बसणं, ह्यात दिवस जातात. कधीकधी हे खाटेवर जागे आहेत असं कळायचं आणि मी वाट बघायची. आता म्हणतील, राजमती, त्या दिवशी तू. मग घोरणं ऐकू यायचं.

दोन वर्षांखाली कारखान्यानं जुन्या शर्यतवाल्यांचा सत्कार केला. उदाजीबापू खूप म्हातारे झालेत, त्यांना खुर्चीतून आणलं होतं. ह्यांना शाल दिली, नारळ दिला आणि बोला म्हणाले. हे उभे राहिले. साखर वाढलीय, पाय सुजतात, पण आवाज तसाच आहे.

"मी भाग्यवान," हे म्हणाले. "ऐन भरात असताना सोडली. लोक विचारतात, भूपाल, कशी सोडलीस? मी म्हणतो, घरात धर्म असला की माणसाला सोडावं लागतंय. माझ्या मंडळीनं सांगितलं, मी सोडली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बापूंनी माझ्याकडं बघून थरथरते हात जोडले. मी पदर डोक्यावर ओढून घेतला.

व्यासपीठावरचं ते बोलणं मी पूर्वीही ऐकलं होतं. लग्नांत, पंगतीत, पाहुण्यांपुढं. दर वेळी हे बोलताना माझ्याकडं बघायचे नाहीत, आणि त्यावरून मला कळायचं की आठवण जागी आहे. त्या दिवशी मात्र भाषण करताना हे माझ्याकडं बघत होते.

घरी आलो. मी पानं मांडली. हे शाल घडी न करता तशीच मांडीवर घेऊन बसले होते.

"खरं सांगू?" हे म्हणाले. "अजून पाच-सहा वर्षं मी सहज पळवली असती."

मी भाकरी तव्यावर टाकली.

"अंगात रग होती तेव्हा. बेळगावच्या त्या पोराला आरामात मागं टाकलं असतं."

मी वळून बघितलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. ऐकायला कुणी नव्हतं. हे नेहमीसारखे नजर चुकवत नव्हते. चेहरा साधा होता, थकलेला, आणि त्यावर माझ्याबद्दल थोडी करुणा होती.

"पण तुझी इच्छा होती," हे म्हणाले. "तुझ्या देवापुढं मी नको कसा म्हणणार? सोडली. आणि एक सांग, इतक्या वर्षांत त्याबद्दल मी तुला कधी बोल लावला?"

तव्यावरची भाकरी फुगायला लागली होती. मी ती उलटली. ह्यांच्याकडं पुन्हा एकदा नीट बघितलं, माळावरच्या त्या दुपारचं कुठं काही शिल्लक आहे का ते. काही नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "कधी नाही लावलात."

"मग," हे समाधानानं म्हणाले आणि शाल बाजूला ठेवून पानावर सरकले. "वाढ आता. दिवस मावळायला आलाय."

मी वाढलं.